सात वीत लांब, तीन वीत रुंद

अन्न परवान्याचे अधिकारी मंगळवारी सकाळी आले, वीस मिनिटं थांबले आणि चहा न घेता गेले. मी तिथं नव्हतो. हे सगळं अक्कानं फोनवर सांगितलं, आणि नंतर तिच्याकडं काम करणाऱ्या बाईंनीही न विचारता सांगितलं. दोघींच्या सांगण्यात फरक फक्त चहाचा होता. बाईंच्या मते चहा विचारलाच नव्हता.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. वय त्रेसष्ट. धारवाडला एकटी राहते. मेहुणे गेल्यावर दुसऱ्या वर्षी तिनं ज्वारीच्या भाकरी करून जवळच्या एका वसतिगृहाच्या खानावळीला द्यायला सुरुवात केली, ती अजून चालू आहे. मदतीच्या बाई अळणावरकडच्या खेड्यातून पहाटेच्या बसनं येतात. एका लांब सागवानी फळीच्या दोन बाजूंना दोघी समोरासमोर बसतात आणि थापतात. अकराच्या आत भाकरी खानावळीत पोचलेल्या असतात.

अधिकाऱ्यांनी परवान्याच्या नूतनीकरणासाठी सगळं पाहिलं. पाण्याची टाकी चालली, पिठाचे डबे चालले, खिडकीची जाळी चालली. फळी चालली नाही. लाकडाला भेगा असतात, भेगांत पीठ अडकतं, ते धुवून निघत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते बरोबर होतं. फळीवर स्टेनलेस स्टीलचा पत्रा बसवा, चारी कडा खाली वळवा, कुठंही धार नको, असं त्यांनी सांगितलं. पुढच्या बुधवारी पुन्हा येतो म्हणाले. तोवर झालं नाही तर नूतनीकरण नाही, आणि परवाना नसेल तर खानावळ भाकरी घेणार नाही.

भाकरी बंद झाल्या की अक्काला धारवाडात राहण्याचं कारण उरत नव्हतं. तिचा मुलगा बेंगळूरला नोकरी करतो. आईनं तिकडं यावं म्हणून तो चार वर्षं मागं लागला आहे. दर वेळी ती खानावळीचं नाव पुढं करते. ते नाव गेलं तर तिच्याकडं दुसरं उत्तर नव्हतं, आणि हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

मी हुबळीत राहतो. एका मराठी दैनिकाच्या इथल्या आवृत्तीत सव्वीस वर्षं टेबलावर काम केलं. इतरांनी लिहिलेलं तपासणं, आकडे पडताळणं, नावं दुरुस्त करणं हे काम. आवृत्ती बंद झाली तेव्हा घरी बसायची वेळ आली आणि बसणं जमेना. घरामागच्या पडवीत एक बाक घातला, दोन लोखंडी अँगल आणले, पत्रा आवळून धरायला शिकंजे आणले, आणि पातळ पत्रा वाकवायला शिकलो. पाण्याच्या मीटरवरचं झाकण, टपालाची पेटी, गॅसशेगडीच्या मागचा आडोसा. सगळं उपयोगाचं, सगळं एका कोपऱ्यात किंचित वाकडं.

बुधवारी गोकुळ रोडवरच्या तीन वर्कशॉपमध्ये विचारलं. लग्नसराई होती. आचाऱ्यांची टेबलं आणि मोठी भांडी करण्यात सगळे गुंतले होते. एकानं पंधरा दिवस सांगितले, दुसऱ्यानं एकच नग असेल तर घेत नाही म्हणून सांगितलं, तिसऱ्यानं माझ्याकडं पाहिलंही नाही. संध्याकाळी अक्काला फोन करून सांगितलं की मीच करतो. फळीचं माप दे.

“लिहून घे, तम्मा,” ती म्हणाली. धाकट्या भावाला इकडं तम्मा म्हणतात; ती अजून म्हणते. “लांबीला सात वीत, रुंदीला तीन. आत्ताच मोजून सांगते आहे. जास्त नाही, कमी नाही.”

मी लिहून घेतलं आणि परत वाचून दाखवलं. टेबलावरची सवय. ती हो म्हणाली. फोन ठेवल्यावर कपाटातला जाडा शब्दकोश काढून वीत हा शब्द पाहिला. अंगठा आणि करंगळी ताणल्यावरचं अंतर, अर्धा हात, नऊ इंच. सात नवे त्रेसष्ट, तीन नवे सत्तावीस. वहीत तसं मांडलं, खाली रेघ ओढली.

रात्री जेवण व्हायच्या आधी भाच्याचा फोन आला. तो आवाज चढवत नाही, मुद्द्याचं बोलतो.

“मामा, तुम्ही तो पत्रा वाकवू नका,” तो म्हणाला. “मी बंद कर म्हटलं तर ती भांडेल. परवान्यामुळं बंद झालं तर कुणाशी भांडणार? आपोआप होतंय तर होऊ दे की.”

मी म्हटलं, तिनं मला काम सांगितलं आहे. तो म्हणाला, तिच्या उजव्या मनगटाला पट्टी असते, ती तुम्ही पाहिली आहे. मी पाहिली होती. ती फोनवर ही गोष्ट कधी काढत नाही, हेही त्यानं सांगितलं. त्याचं काही चुकत नव्हतं. मी फोन ठेवला आणि पडवीत जाऊन रिकाम्या बाकावरचे शिकंजे उगाच आवळून पाहिले, सैल केले, परत आवळले.

गुरुवारी दुर्गदबैलच्या बाजारात गेलो. हातगाड्या आणि रिक्षांच्या मधून वाट काढत पत्र्याच्या दुकानापर्यंत पोचायला वेळ लागला. दुकानदार माझ्याशी मराठीत सुरुवात करतो आणि किंमत ठरवायला आला की कन्नडवर जातो. अन्नासाठी हवा आहे म्हटल्यावर त्यानं बावीस गेजचा, म्हणजे जेमतेम पाऊण मिलिमीटर जाड पत्रा काढला आणि लोहचुंबक लावून दाखवलं, चिकटलं नाही, म्हणजे माल चांगला. कडा दुमडण्यासाठी चारी बाजूंना दोन-दोन इंच धरून मी सदुसष्ट बाय एकतीसचा तुकडा सांगितला. त्यानं माप दोनदा विचारलं.

“सर, भाकरीला एवढा? कापला की परत घेणार नाही.”

मी वही दाखवली. त्यानं वहीकडं पाहिलं आणि कापला.

पातळ स्टील हातानं वाकवण्यात ताकद कमी आणि थांबणं जास्त असतं. पत्रा दोन अँगलच्या मधे धरायचा, शिकंजे आवळायचे, बाहेर राहिलेली पट्टी लाकडी ठोकळ्यानं दाबत आणि लाकडी हातोड्यानं ठोकत खाली न्यायची. एका जागी पूर्ण वाकवायची नाही. डावीकडून उजवीकडं थोडी, पुन्हा डावीकडून थोडी. घाई केली की कडेला लाट येते आणि ती लाट नंतर जात नाही. शिवाय स्टील काटकोनात आणून सोडलं की थोडं मागं उघडतं, म्हणून काटकोनाच्या पुढं न्यावं लागतं. किती पुढं, हे प्रत्येक पत्र्याला वेगळं. एकदा वाकलेली रेघ सरळ करून तिथंच परत वाकवता येत नाही. स्टील तिथं कडक झालेलं असतं आणि चिरतं.

हे सगळं मला माहीत होतं आणि तरी हात थांबत नव्हते. शुक्रवारी काठाची अर्धा-अर्धा इंच पट्टी आत दुमडून चपटी केली, म्हणजे धार झाकली गेली. शनिवारी चारी कडा खाली घेतल्या. पडवीवर ऊन होतं, पत्रा तापत होता, चामड्याच्या हातमोज्यांत घाम साचत होता. दर दहा मिनिटांनी काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहत होतो. मधेच काम टाकून फाटकापर्यंत जात होतो आणि परत येत होतो. भाच्याचं म्हणणं डोक्यात होतं. पत्रा बिघडला तर काय होईल, हा विचार येत होता. तो विचार आला की भीती वाटायला हवी होती. एक-दोनदा भीतीबरोबर थोडी सुटकाही आली. ती नोंद इथं करतो, कारण पुढं तिचा संबंध आहे.

पत्रा बिघडला नाही. चारी कोपरे जुळले. आजवर केलेल्या कामांत हे सर्वात नीट होतं.

रविवारी मालवाहू रिक्षातून धारवाडला नेला. अक्का आणि बाई दोघी दारात उभ्या होत्या. रविवारी खानावळीत भाकरी नसते, पण बाई पत्रा बघायला मुद्दाम आल्या होत्या. आम्ही तो आत नेला, फळीवर ठेवला, आणि तिघंही पाहत राहिलो. लांबीला फूटभर बाहेर, रुंदीला हाताचा पंजा जाईल एवढी पोकळी. फळी पत्र्याखाली हरवली होती.

“अण्णा,” बाई म्हणाल्या, “यावर झोपायचं आहे काय?”

अक्का हसली नाही. तिनं पत्र्याचा कोपरा उचलला, खाली ठेवला. मग बाईंना पाणी आणायला पाठवलं.

“त्याचा फोन आला होता तुला,” ती म्हणाली.

“आला होता.”

“करू नको म्हणाला?”

“हो.”

“म्हणून एवढा मोठा केलास?”

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला हवा त्यापेक्षा जास्त वेळ लागला. मुद्दाम केला नव्हता. पण शनिवारी पडवीत काय वाटलं होतं ते आठवत होतं, आणि तिच्यासमोर नुसतं नाही म्हणणं पुरेसं वाटेना. मी वही काढून दिली. तिनं चष्मा लावून वाचलं. वीत, नऊ इंच, शब्दकोश. सात नवे त्रेसष्ट.

“ही कुणाची वीत?”

“कोशातली.”

“मी फोनवर कोशातली सांगितली होती?”

तिनं वहीवर आपला उजवा हात ताणून ठेवला. मनगटाची पट्टी वर सरकली. मी टेप लावला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत सव्वासात इंच. या भागात कुठलीही बाई माप सांगते ते स्वतःच्या हाताचं सांगते. पडद्याचं कापड असो, पाळण्याची दोरी असो. हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. शब्दाबद्दल शंका असेल तर कोश बघा, गोष्टीबद्दल शंका असेल तर माणसाला विचारा, असं टेबलावर नव्या लोकांना मीच सांगायचो. मी गोष्टीला शब्द समजलो होतो.

“सव्वीस वर्षं काय छापलंस रे पेपरात,” ती म्हणाली. तेवढ्यात बाई पाणी घेऊन आल्या आणि त्यांनी विचारलं, काय झालं. अक्कानं सांगितलं. बाईंनी आपली वीत काढून तिच्या वितीला लावली. त्यांची बोटभर मोठी निघाली. “माझ्याकडून मोजून घेतलं असतं तर जरा जवळ आलं असतं, अण्णा,” त्या म्हणाल्या, आणि तेव्हा अक्का हसली. पण तिचा प्रश्न तिनं परत घेतला की नाही, ते मला कळलं नाही.

फळी टेपनं मोजली. पावणेएक्कावन्न बाय पावणेबावीस. तीन दिवस होते. नवा पत्रा घेऊन सगळं पहिल्यापासून करायचं म्हटलं तर चारी कडा परत. आहे त्यातलाच एक कोपरा आणि त्याच्या दोन कडा ठेवून समोरच्या दोन बाजू कापल्या तर दोनच कडा वाकवायच्या राहत होत्या. मी तसं सांगितलं. अक्का म्हणाली, उद्या भाकरी पोचवून मी हुबळीला येते. समोर वाकव.

पत्रा मी रिक्षानं परत आणला. सोमवारी दुपारी ती आली. पडवीत खुर्ची दिली होती, तिच्यावर बसली नाही. मी हातकात्रीनं कापत असताना पत्र्याचं दुसरं टोक धरून उभी राहिली. बावीस गेजचं स्टील हातकात्रीनं कापणं म्हणजे प्रत्येक इंचाला हात दुखणं. कापलेली कड दातेरी आली, ती कानशीनं घासली. कोपऱ्यात आधीची वळलेली कड आडवी येत होती, तिथं खाच घेतली. मग काठाची पट्टी आधीसारखीच आत दुमडली, पत्रा अँगलमध्ये धरला आणि ठोकायला लागलो. ती डावीकडून उजवीकडं माझ्याबरोबर सरकत होती. पहिली कड अर्धी खाली आली तेव्हा तिनं विचारलं.

“तुला काय वाटतं? मी जावं?”

मी म्हटलं, मला काय वाटतं हा प्रश्न नाही.

“बातमी नको सांगू. भाऊ आहेस ना?”

“मनगट दुखतं तुझं.”

“दुखतं. तिकडं गेल्यावर काय करू? दुखरं मनगट धरून बसू?”

मी ठोकत राहिलो. ती म्हणाली, तो चांगला आहे, सून चांगली आहे, घर मोठं आहे. एक महिना ती तिकडं राहून आली होती. सकाळी नऊला सगळे जातात, आणि मग ती एकटी लिफ्टचे आवाज मोजत बसायची. कुणी रागावलं नाही, कुणी काही कमी केलं नाही. तिथं तिची वाट कुणीच पाहत नव्हतं. इथं अकरा वाजायच्या आत खानावळीचा मुकादम दारात येतो आणि अजून झालं नाही काय म्हणून चिडतो.

“तो चिडतो ना,” ती म्हणाली, “ते मला रोज लागतं.”

त्या क्षणी हातोडा जास्त जोरात बसला असावा. कडेला एक लहान लाट आली. अक्कानं ती बोटानं चाचपली आणि मला दाखवली. मी हातोडा खाली ठेवला. पाणी प्यालो. मग सावकाश सुरुवात केली. शनिवारची सुटका आता नव्हती. फक्त भीती होती, आणि त्या भीतीनं काम जास्त सरळ होत होतं. पहिली कड संपल्यावर अक्कानं तिला गुण्या लावला, मला न विचारता. मंगळवारी मी एकट्यानं दुसरी कड केली. एका कोपऱ्यात दोन कडांच्या मधे करंगळीच्या नखाएवढी फट राहिली. ती बुजवायला वेळ नव्हता.

बुधवारी अधिकारी साडेनऊला आले. मी सकाळीच आणलेला पत्रा फळीवर बसला होता. त्यांनी चारी बाजूंच्या खालून बोट फिरवलं, फटीपाशी थांबले, वाकून पाहिलं, ती खालच्या बाजूला आहे असं पाहून पुढं गेले. मोबाइलवर तीन फोटो काढले. चहा घेतला. नूतनीकरणाचा कागद दोन दिवसांत निघेल म्हणाले आणि गेले. सगळं मिळून बारा मिनिटं.

साडेनऊपर्यंत एकही भाकरी झाली नव्हती. पाहणीआधी पत्र्यावर पीठ सांडायचं नाही असं अक्कानंच ठरवलं होतं. दोघी नेहमीच्या जागी, फळीच्या मधोमध समोरासमोर बसल्या. अक्कानं गोळा मळून पत्र्यावर ठेवला, पीठ भुरभुरलं आणि थापायला लागली. तिसऱ्या थापेला पत्र्यानं टक् असा आवाज केला, खाली गेला आणि परत वर आला. भाकरी कडेनं चिरली. तिनं ती गोळा करून परत थापली. पुन्हा टक्, पुन्हा चीर. समोर बाईंचंही तेच झालं.

मी पत्रा उचलून फळी पाहिली. मधोमध, जिथं त्या दोघी इतकी वर्षं थापत आल्या होत्या, तिथं लाकूड झिजून बशीसारखा खोलगट भाग झाला होता. त्यावरून पत्रा अधांतरी ताणला गेला होता. रविवारी मी फळीची लांबी मोजली होती, रुंदी मोजली होती. वरून हात फिरवला नव्हता.

“परवाना मिळाला,” बाई म्हणाल्या, “आता भाकरी तेवढी राहिली.”

सव्वादहा झाले होते. मी म्हटलं, खाली काहीतरी भरून बघू, किंवा फळी उलटी करू. अक्कानं ऐकून घेतलं नाही. तिनं पत्रा परत बसवला आणि सगळ्या पृष्ठभागावर मुठीनं ठोकत गेली. मधे वाजत होतं. टोकांकडं वाजत नव्हतं. तिथं कुणी कधी थापलंच नव्हतं, लाकूड मूळ उंचीचं होतं. ती उठली, आपलं स्टूल फळीच्या डाव्या टोकाला नेलं. बाईंना उजव्या टोकाला बसायला सांगितलं. बाई म्हणाल्या, एवढ्या लांबून बोलायचं कसं. अक्का म्हणाली, ओरडायचं.

गोळा ठेवला. थापला. पत्रा गप्प राहिला. भाकरी पसरत गेली, कडेला एकही चीर न पडता गोल झाली. तिनं ती दोन्ही हातांवर उचलली तेव्हा मनगट एकदा थरथरलं. तव्यावर टाकली. दुसरा गोळा घेतला.

साडेदहाला तिचा फोन वाजला. भाचा होता. तिचे हात पिठाचे होते, म्हणून मी उचलला आणि आवाज मोठा करून तिच्यासमोर धरला. त्यानं विचारलं, अधिकारी येऊन गेले का. झालं, ती म्हणाली. मग त्यानं विचारलं, पत्रा बरा आहे का.

“बरा आहे. मधे वाजतो. आम्ही कडेला बसलो.”

“मग तू येणार कधी, आई?”

“दिवाळीला. चार दिवस येईन.” तिनं थापणं थांबवलं नाही. “आता ठेव. मुकादम यायची वेळ झाली.”

मी फोन बंद केला. त्या दिवशी मुकादम आला तेव्हा भाकरी निम्म्याच झाल्या होत्या. तो दारातूनच चिडायला लागला.